तुटायचा मान

आमच्या तळघरातल्या बॉयलरमध्ये सगळ्यात मोलाचं काम करतो तो जेमतेम करंगळीएवढा एक बोल्ट. किंमत डॉलरच्या आतच. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की वेळ आली की त्यानं मुकाट तुटावं. ही वेळ साधारणपणे जानेवारीत येते, बाहेर उणे पंधरा असताना, आणि शनिवारी रात्रीच येते, कारण रविवारी दुकान बंद असतं. बोल्ट तुटला की घर हळूहळू गार पडायला लागतं. अशा वेळी नवखा माणूस कपाळावर हात मारतो आणि जाणता माणूस म्हणतो, "चला, वाचलो!"

हे घर अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, स्क्रँटनच्या जवळ आहे. स्क्रँटन म्हटलं की आता लोकांना 'द ऑफिस' ही मालिका आठवते, पण हा मुलूख उभा राहिला तो कोळशावर. कोळसाही साधासुधा नव्हे, अँथ्रासाइट. दगडासारखा कठीण, काचेसारखा चकाकणारा आणि धूर न करणारा. अमेरिकेतला जवळजवळ सगळा अँथ्रासाइट याच टापूत निघतो. 1917 साली इथून सुमारे 10 कोटी टन कोळसा निघाला होता. आता त्याच्या तुलनेत चिमूटभर निघतो, आणि त्यातला थोडासा आमच्या तळघरात येऊन पडतो.

गंमत म्हणजे हा कोळसा जळतच नाही, असं एके काळी इथल्या लोकांचं ठाम मत होतं. लोहाराच्या भात्याखाली जळायचा, पण घरच्या चुलीत घातला की ढिम्म. मग 11 फेब्रुवारी 1808 रोजी विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल नावाच्या खानावळवाल्या गृहस्थांनी तो लोखंडी जाळीवर रचला. खालून हवा मिळाली आणि कोळसा पेटला. भाता नाही, काही नाही. शेजारीपाजारी बघायला जमले. इतिहासाची पुस्तकं याला कोळशाच्या युगाची सुरुवात म्हणतात. तळघर असलेल्या बाईच्या दृष्टीनं त्या दिवशी वेगळीच गोष्ट सुरू झाली. जाळी आली म्हणजे जळकी जाळी आली, आणि जळकी जाळी आली म्हणजे "हिच्या मापाची मिळेल का हो?" असं विचारत दुकानात शिरणारा नवरा आला.

आमच्या गल्लीत गॅसची लाइन नाही. तेलाचा भाव ऐकला की न पेटवताच घाम फुटतो. कोळशाचा बॉयलर घरासोबतच मिळाला होता. घर बघायला आलो तेव्हा मी स्वयंपाकघर बघत होते आणि नवरा तळघरात उतरला होता. तो वर आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला पान्ह्यानं पिळता येईल अशी वस्तू दिसली की काय होतं, ते मी पाहिलं. दोघांनीही आपापलं बघून सह्या केल्या.

या यंत्राचं काम तसं सरळ आहे. एका कोपऱ्यात तांदळाच्या मापाचा कोळसा. 'राइस कोल' असंच त्याचं नाव, एक खडा इंचाच्या तीन ते पाच सोळांश एवढा. तिथून एक नळी निघते. नळीत ऑगर, म्हणजे मळसूत्री दांडा. मोटार दांडा फिरवते, दांडा कोळसा पुढे ढकलतो, कोळसा एका बिडाच्या कुंडीत खालून वर येतो, पंखा त्याला हवा देतो, आणि जळून झालेली राख कुंडीच्या काठावरून खालच्या डब्यात पडते. भोवती पाणी. पाणी सत्तरच्या खाली गेलं की मोटार चालू, ऐंशीच्या वर गेलं की बंद. हे गरम पाणी पंप घरभर फिरवतो. बाहेर ऊन पडलं आणि घराला ऊब नको असली, तरी अर्ध्या तासानं दोन-चार मिनिटं मोटार आपोआप चालते, कारण हा कोळसा एकदा विझला की पुन्हा पेटवणं हा दुपार खाणारा उद्योग आहे. तो विझला आणि मोटारीला कुणी सांगितलं नाही, तर ती न जळलेला कोळसा निष्ठेनं राखेच्या डब्यात ढकलत राहते. म्हणून ते सांगायलाही एक वेगळा भाग बसवावा लागतो. तोही बिघडतो.

आता तो बोल्ट. मोटारीचा गिअरबॉक्स आणि ऑगर यांना जोडणारा दुवा म्हणजे हा. इंग्रजीत त्याला शिअर पिन म्हणतात. कोळसा खाणीतून येतो, तेव्हा त्याच्याबरोबर दगड येतात, कधी तारेचा तुकडा, कधी कुठल्यातरी यंत्राचा गळून पडलेला नट. असं काही नळीत अडकलं की ऑगर थांबतो. मोटार थांबायला तयार नसते. कुणीतरी बळी जायलाच हवं. सरकारी खात्यात पूल पडला की कनिष्ठ अभियंता निलंबित होतो, तसा इथे बोल्ट तुटतो, आणि काहीशे डॉलरांचा गिअरबॉक्स जागच्या जागी सुरक्षित राहतो. फरक एवढाच, की इथे व्यवस्था उघड आहे आणि दुकानदार ती काउंटरवर समजावून सांगतो.

आमच्या आधीच्या घरमालकाला ही व्यवस्था पटली नव्हती. सारखा बोल्ट तुटतो म्हणून वैतागून त्यानं एक भक्कम बोल्ट आणून ठोकला आणि घर विकताना अभिमानानं सांगितलं, "मी बसवल्यापासून एकदाही तुटलेला नाही." नवऱ्यानं कौतुकानं मान डोलावली. पहिल्याच हिवाळ्यात नळीत एक दगड अडकला. बोल्ट तुटला नाही. गिअरबॉक्सचे दात तुटले. पलीकडच्या घरात राहणारे आजोबा कोळशाच्या धंद्यातून निवृत्त झालेले. ते टॉर्च घेऊन आले, खाली वाकले, बोल्टाच्या डोक्यावर प्रकाश टाकला आणि बाहेर काढलेल्या सापाकडे बघावं तसं बघत म्हणाले, "सहा रेघा!"

तेव्हा कळलं, की बोल्टांच्या डोक्यावर त्यांची पत लिहिलेली असते. सहा रेघा म्हणजे ग्रेड आठ, फार कणखर. तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, मधला. एकही रेघ नाही म्हणजे ग्रेड दोन, मऊ लोखंडाचा. इथे हवा तो बिनरेघी. जो तुटेल तो. दुकानात जाऊन "सगळ्यात कच्चा द्या" असं सांगताना नवऱ्याची जीभ आजही अडखळते. भाजी घेताना, साडी घेताना, शाळेत प्रवेश घेताना असं वाक्य आपल्या तोंडून कधी गेलेलं नसतं.

या दुकानाबद्दल सांगायला हवं. बाहेरून ते बंद पडल्यासारखं दिसतं, आत पाऊल ठेवलं की लोखंडाचा आणि कॉफीचा वास येतो. काउंटरवर येणारा प्रत्येक जण काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो. पुडी सोडतो आणि झिजलेला भाग काउंटरवर ठेवतो. ठेवला रे ठेवला की बाकीची गिऱ्हाइकं आपलं काम सोडून जवळ सरकतात. कुणी तो हातात घेऊन तोलतं, कुणी नखानं खरवडतं. निदानं सुरू होतात. "कोळसा ओला होता." "चुरा जास्त होता." "हवा कमी देता तुम्ही." "हवा जास्त देता तुम्ही." दुकानदार शेवटी चष्मा कपाळावर चढवतो, भाग प्रकाशात धरतो आणि म्हणतो, "हा अजून एक हिवाळा चालला असता." बदलायला नेलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल तो हेच म्हणतो. मग नवी काढून देतो आणि पैसे घेतो.

बोल्ट तुटतो, त्याचा आवाज तरी होतो. खरी लबाड झीज ऑगरची. त्याची धार कोळशाला घासून घासून टोकाकडे, कुंडीजवळ, पातळ होते. आगीची धग तिथेच जास्त, आणि ओला चुराही तिथेच चिकटून नळी गंजवतो. दर फेरीला कोळसा चिमूटभर कमी जातो. घर अर्धा अंश गार होतं. नवरा यंत्राची खाच एकानं वाढवतो. पुढच्या महिन्यात आणखी एक. मी वर स्वेटर चढवते. कुणालाच काही झाल्यासारखं वाटत नाही. मग एक दिवस वाढवायला खाचच उरत नाही, आणि दांडा बाहेर काढून बघितला तर टोकाशी पात्याऐवजी पात्याची नुसती आठवण.

नवा भाग बसवणं हे याहून धोक्याचं. नवी मोटार बसवली तेव्हा नवरा खुशीत वर आला आणि म्हणाला, "ऐक, आवाजच नाही!" आम्ही कान देऊन ऐकलं. मोटारीचा आवाज नव्हता. पंख्याचा खडखडाट होता. तो आधीही होताच, पण जुन्या मोटारीच्या घरघरीखाली दबलेला. पंख्याचं बेअरिंग बदललं तेव्हा चिमणीच्या नळीवरची झडप ऐकू यायला लागली. वारा सुटला की धुराची ओढ प्रमाणात ठेवायला ती उघडझाप करते आणि टकटक वाजते. आता पंपाचा सूर जरा चढा लागतोय. मी काही बोललेले नाही. तुम्हीही बोलू नका.

ऑक्टोबरात सासूबाई आल्या. बहुतेकांचे आईवडील इथे उन्हाळ्यात येतात, पण ह्यांना बर्फ बघायचा होता. पहिल्याच दिवशी त्या तळघरात उतरल्या, पदर खोचून बॉयलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अरे, हा बंबच की!" नवरा दुखावला. त्यानं त्यांना दाब समजावून सांगितला, तापमान सांगितलं, आपोआप चालू-बंद होणारी यंत्रणा सांगितली. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आत पाणी आहे ना रे?"

मला तेव्हा हसू आलं होतं. पण या सगळ्या यंत्रात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे. त्यांच्या कोल्हापूरच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, आणि पाणी भरल्याशिवाय बंब पेटवला तर सांध्यांचे डाग वितळतात, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आलं होतं. बॉयलरवर तेच बजावायला एक उपकरण बसवलेलं असतं. पाणी कमी झालं की ते आग वाढू देत नाही. कोरड्या पडलेल्या तापल्या बॉयलरमध्ये घाईनं गार पाणी सोडलं, तर बॉयलरच फुटायची भीती. त्या उपकरणाचा गाळ वेळोवेळी काढावा लागतो, नाहीतर पाणी नसतानाही ते "आहे, आहे" म्हणत राहतं. सासूबाई बरोबर असल्यावर त्याची फारशी गरज नव्हती. त्या रोज सकाळी चहाआधी विचारायच्या.

जाळीबद्दलही त्यांचं मत तयार होतं. कुंडीच्या बिडाच्या कडा जळून वेड्यावाकड्या झाल्या होत्या आणि नवरा हळहळत होता. सासूबाई म्हणाल्या, "जाळी जळायलाच असते. बंब जळता कामा नये." मग त्यांनी कल्हईचा विषय काढला. पितळेच्या पातेल्याला आतून कथील लावायचं. ते वर्षभर भाजी-आमटीला तोंड देत झिजायचं, म्हणजे आंबट पदार्थ पितळेला भिडून कळकत नाहीत. मग कल्हईवाला दारात आला की नवसागर टाकून पुन्हा चकचकीत. पातेलं सासूबाईंच्या सासूबाईंचं, कल्हई मात्र दर वर्षी नवी. हे ऐकून आजोबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला दुभाषीपण करायची गरज उरली नाही.

दाराच्या दोरीचा प्रसंग मात्र मला सोडवत नाही. बॉयलरच्या दारांना कडेनं काचतंतूंची जाड दोरी बसवलेली असते. तापून तापून ती दबते, कडक होते, फटीतून नको तिथे हवा आत घुसते आणि आगीचा हिशेब चुकतो. दोरी चांगली आहे की गेली, हे बघायची इथली रीत अशी, की दारात डॉलरची नोट धरायची, दार घट्ट लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर दोरी गेली. नवऱ्यानं हे प्रात्यक्षिक करून दाखवलं. सासूबाईंनी विचारलं, "आणि नाही निघाली तर?"

"तर दोरी चांगली आहे."

"आणि नोट?"

पुढच्या वेळी त्यांनी पर्समधून दहा रुपयांची नोट काढून दिली.

एका भागाबद्दल मात्र त्या विनोद करायच्या नाहीत, मीही करत नाही. कोळशाच्या आगीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून तळघरात आणि झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचे अलार्म लावलेले आहेत. त्या अलार्मचंही आयुष्य ठरलेलं असतं, मागे तारीख छापलेली असते. नुसता हिरवा दिवा लागतोय म्हणून समाधान मानायचं नाही, काढून तारीख बघायची.

अँथ्रासाइटच्या स्वच्छतेची इथे फार जुनी जाहिरात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या एका रेल्वे कंपनीनं फीबी स्नो नावाची बाई जाहिरातीसाठी उभी केली. तिचा झगा पांढराशुभ्र. आमच्या गाडीत अँथ्रासाइट जळतो, तेव्हा प्रवासाअखेर झगा तसाच पांढरा राहतो, असा तिचा दावा. पुढे एका खाणकंपनीनं आपला कोळसा ओळखू यावा म्हणून चक्क निळा रंगवला आणि 'द शॅडो' या गाजलेल्या रेडिओ मालिकेला पैसे पुरवले. हे सगळं खरं आहे. पण फीबीबाई गाडीत बसल्या होत्या. त्यांना कुणी तळघरात पाठवून नळ्यांमधली राख काढायला सांगितली नाही. ही राख पिठाहून बारीक असते. ब्रश एकदा आत गेला की ती नाकात, केसांत आणि, का कोण जाणे, वरच्या मजल्यावरच्या लोणच्याच्या बरणीवर जाऊन बसते. टनामागे साधारण दहावा हिस्सा राख. खाली जमणारी जाडसर राख गल्लीत बर्फावर टाकतात, म्हणजे पाय घसरत नाही. एवढा तिचा उपयोग.

आता या यंत्राचं सगळ्यात चक्रावून टाकणारं वैशिष्ट्य. ते सर्वात जास्त झिजतं ते बंद असताना. आठ महिने आग पोटात घेऊन त्याला काही होत नाही. मे महिन्यात विश्रांती दिली की गंज सुरू. कोळशात थोडं गंधक असतं, ते राखेत उतरतं. उन्हाळ्यात तळघराच्या भिंतींना पाझर सुटतो, ती ओल राखेत शिरते आणि आतल्या आत आम्ल तयार होतं. ते पोलाद खातं. चिमणीपर्यंतचा पत्र्याचा पाइप तर वरून नवा दिसतो आणि बोटानं टोचला की बोट आत जातं. म्हणून हंगाम संपल्याबरोबर राखेचा कण न् कण काढायचा, पाइप उतरवायचा, धुवायचा, वाळवायचा, आत तेलाचा हात फिरवायचा. ज्या दिवशी बाहेर सफरचंदाची झाडं फुलतात, त्या दिवशी नवरा भट्टीत डोकं घालून बसलेला असतो.

बाकी सगळ्याला सुटा भाग मिळतो. ऑगर, कुंडी, मोटार, पंखा, झडप, दोरी, पंप. मी एकदा दुकानदाराला विचारलं, की मुख्य टाकीचं पोलादच आतून पातळ झालं तर कुठला भाग मागायचा? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला भाग म्हणत नाहीत. त्याला नवीन बॉयलर म्हणतात." दुकानातले बाकीचे लोक एक पाऊल मागे सरकले.

ते होऊ नये म्हणून इथली जुनी माणसं उन्हाळाभर बॉयलरच्या पोटात एक बल्ब जळत ठेवतात. साठ वॉटचा, जुन्या पद्धतीचा, तारेचा. त्याच्या उबेनं आत ओल धरत नाही. एलईडी चालत नाही, कारण तो उजेड देतो, ऊब देत नाही. आणि अमेरिकेत 2023च्या ऑगस्टपासून तारेच्या साध्या बल्बची विक्री नव्या नियमांमुळे जवळजवळ बंद झाली आहे. म्हणजे या अख्ख्या यंत्रात न मिळणारा एकमेव सुटा भाग हा बल्ब, आणि तो यंत्राचा भागही नाही.

आजोबांच्या गॅरेजमध्ये कॉफीच्या रिकाम्या डब्यांत गेल्या पन्नासेक वर्षांतले झिजलेले भाग चिठ्ठ्या लावून ठेवलेले आहेत. त्यांच्यामागे एका खोक्यात साठ वॉटचे बल्ब आहेत, न उघडलेल्या पाकिटांत. ते विकत नाहीत. दुप्पट पैसे देऊ केले तरी मान हलवतात. पण फेब्रुवारीत सासूबाईंनी चकल्या केल्या होत्या, त्यातला एक डबा त्यांच्याकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो रिकामा नव्हता. तेव्हापासून भाव ठरला. एक डबा चकल्या, एक बल्ब. चकल्या खुसखुशीत असल्या पाहिजेत, मऊ निघाल्या तर सौदा रद्द.

सासूबाई एप्रिलच्या सुरुवातीला परत गेल्या. जाताना भाजणीची मोठी पिशवी ठेवून गेल्या आणि मोहन किती घालायचं ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून गेल्या. काल तळघरातला बल्ब उडाला. नवरा सकाळपासून सोऱ्या शोधतोय.